मारुतीतात्यांचं म्यान

मारुतीतात्यांकडे कुणी काहीही शिवून घ्यायला आलं, की ते आधी खिसा दाखवायला सांगत. फोनचं कव्हर हवं असो, चाव्यांची थैली असो, की चष्म्याचं घर, वस्तू हातात घेण्याआधी त्यांची नजर गिऱ्हाइकाच्या कमरेकडे जायची. "आदी खिसा दावा." ओमानी गिऱ्हाइकांसाठी हेच वाक्य त्यांच्या अरबी-हिंदी मिसळीत यायचं, "अव्वल जेब, बादेन चीज." मग ते खिशात चार बोटं घालून खोली बघत, कापड चिमटीत धरून त्याचा पोत बघत. गिऱ्हाईक अवघडून छताकडे बघत उभं राहायचं. मी एकदा हसले, तेव्हा म्हणाले, "ताई, वस्तू काय, एकासारख्या एक हजार असत्यात. पण ऱ्हायाचं हाय तिला ह्या माणसाच्या खिशात. घर बगितल्याबिगर बिऱ्हाड कसं हलवायचं?"

ओमानमधल्या रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचे, माझा नवरा तिथल्याच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होता. पुण्याहून आम्ही नुकतेच आलो होतो. तिसऱ्याच दिवशी एक ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आत आले आणि माझ्या नावाची पाटी वाचून सरळ मराठीत म्हणाले, "चष्मा पायजे. पण वाचायचा नको."

मी त्यांना खुर्चीत बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. ते म्हणाले, "अक्षरं तुमच्यापाशीच असू द्या." खिशातून त्यांनी कातड्याचा एक पट्टा, आरी आणि मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन सुया काढल्या आणि माझ्या तपासणीच्या खुर्चीत बसून शिवायला लागले. एका भोकातून दोन्ही बाजूंनी दोन सुया घालायच्या आणि दोरा ओढायचा, अशी ती शिवण. "हितं दिसाय पायजे," नाकापासून वीतभर अंतर दाखवत ते म्हणाले. मी भिंगं बदलत गेले. ते दोन टाके घालायचे आणि मान हलवायचे. अकराव्या भिंगाला थांबले. "आता भोक गोल दिसतंय. मगाशी लांबट दिसत हुतं." त्या दिवसापासून मी शिंप्याला सुई-दोरा घेऊन आणि सोनाराला त्याचा चिमटा घेऊन यायला सांगू लागले. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

तात्या मूळचे मिरजेचे. आडनाव सातपुते. वडील टांग्याच्या घोड्यांचं सामान करायचे, लगाम, खोगीर, पट्टे. टांगे गेले तसं ते कामही गेलं, आणि तात्या आखातात आले. आधी इब्रीत एकाकडे सहा वर्षं, मग रुस्ताकला. खंजीर बांधायचे पट्टे, लग्नाच्या मिरवणुकीत खांद्याला लावायच्या जुन्या बंदुकांचे पट्टे, पाण्याच्या बाटल्यांच्या पिशव्या, सगळं त्या अरुंद दुकानात टांगलेलं असायचं. बायको, शालनकाकू, मिरजेला. दोन वर्षांतून एकदा जायचे आणि येताना बाभूळ-हिरड्यात कमावलेल्या कातड्याची गुंडाळी बॅगेत घालून आणायचे. मस्कतला मिळणारं क्रोमचं कातडं त्यांना चालायचं नाही. "ते दिसाय मऊ. पण लोखंडाला खातं. चाकू ठेवा, बक्कल ठेवा, सा महिन्यात गंजतंय."

दुकानाचा परवाना आणि तात्यांचा वीजा अबू माजिद यांच्या नावावर होता. ते तात्यांचे अर्बाब, म्हणजे मालक. वय पासष्टच्या पुढे, सैन्यातून निवृत्त, ताठ चालणारे, आवाज कधी न चढवणारे. मोसमातला पहिला खजूर ते स्वतः तात्यांच्या दुकानात आणून ठेवायचे. मला "दक्तूरा" म्हणायचे. सूकच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या मुलाचं सोन्याचं दुकान होतं. दागिन्यांची ने-आण मस्कतपर्यंत अबू माजिद स्वतः गाडीने करत आणि त्यासाठी त्यांच्याकडे एक लहान पिस्तूल होतं, रीतसर परवान्याचं. ते त्यांच्या दिशदाशाच्या, म्हणजे ओमानी पुरुषांच्या लांब झग्याच्या, उजव्या खिशात असतं हे सगळ्या सूकला माहीत होतं, कारण त्या पातळ सुती कापडातून त्याचा आकार दिसायचा.

ज्या सकाळी हे सगळं सुरू झालं त्या सकाळी मी तात्यांकडे माझ्या पर्सचा पट्टा शिवून घेत बसले होते. अबू माजिद आले. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल बाकावर ठेवलं, गोळ्या काढलेल्या आहेत हे उघडून दाखवलं आणि शेजारी नायलॉनचं एक काळं होल्स्टर ठेवलं. खिशात ठेवायच्या पिस्तुलाचं म्यानच ते. कुणी नातेवाइकाने परदेशातून आणलं होतं. त्याची एक बाजू कापलेली होती, म्हणजे पिस्तूल आत असतानाच बोट चापावर जाईल अशी.

"मारूत," अबू माजिद त्यांच्या संथ हिंदीत म्हणाले, "ऐसाच चाहिये. चमडे का. पतला. बाहेर से दिखने का नहीं."

तात्यांनी खिसा बघितला, कापड चिमटीत धरलं. मग तपकिरी कागदावर पिस्तूल आडवं ठेवून पेन्सिलीने त्याच्या कडेकडेने रेघ मारली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मग त्यांनी नायलॉनच्या त्या कापलेल्या जागेवर अंगठा ठेवला.

"अर्बाब, ये बंद करेगा."

"नहीं. ये खुला. जल्दी निकालने का है."

"दिखेगा नहीं, वैसा बनाएगा. जल्दी निकलेगा, वैसा बनाएगा. लेकिन चाप बंद."

अबू माजिद हसले. चाळीस वर्षं शस्त्र हाताळलं, कुठे बोट ठेवायचं ते मला कळतं, असं म्हणाले. तात्या म्हणाले, बोट तुमचं शहाणं आहे, पण खिशात बोट एकटंच जात नाही. चाव्या जातात, पेन जातं, जपमाळ जाते. अबू माजिदांचं हसू थांबलं. त्यांनी आणखी एकदा तेच सांगितलं, तात्यांनी आणखी एकदा तेच उत्तर दिलं. माझ्यासमोर, एका बाईसमोर, आपला कामगार आपल्याला नाही म्हणतो आहे, हे त्यांना लागलं असावं. ते पिस्तूल टॉवेलात गुंडाळत शांतपणे म्हणाले, "तुम्हारा वीजा दो महीना बाद खलास. मैं सही नहीं करेगा." आणि गेले.

तात्या माझ्या पर्सचा पट्टा पुन्हा शिवायला लागले. त्यांचा हात जराही हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले ती समजूत घालायलाच. म्हटलं, तात्या, एकोणीस वर्षं झाली तुम्हाला इथे. ते मस्कतला जाऊन दुसऱ्या कुणाकडून करून घेतील. तुम्ही नाही म्हटल्याने काय फरक पडणार? आज लिहिताना मला या बोलण्याची लाज वाटते, पण तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

तात्यांनी पोळीचा घास खाली ठेवला. "इब्रीत असतानाची गोष्ट हाय," ते म्हणाले. "एक ठेकेदार आला. त्याला असंच पायजे हुतं, चाप उगडा. मी इचारलं बी न्हाई कशापायी. गिऱ्हाईक म्हणतंय, शिवा. झकास शिवलं. त्यानं पाठ थोपटली माजी. म्हैन्यानं गाडीतनं उतरताना खिशात चाव्या अडकल्या आन् गोळी मांडीत गेली. जीव वाचला. पाय गेला, गुडघ्याच्या वरनं."

मी त्यांच्या पुढ्यातलं पाण्याचं भांडं भरलं.

"मग तो कुबड्या घिऊन परत आला. मला वाटलं मारंल. तर म्हणाला, मारूत, लाकडी पायाला पट्टा लागतोय, तूच शिव. तुजी शिवण टिकती." तात्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तो पट्टा शिवाय मला चार दिस लागले. तवाच ठरवलं. आता दुसरा कुणी करंल तर ते त्याच्या हाताचं. माज्या हातानं न्हाई व्हायाचं."

मग त्यांनी डबा संपवला आणि मला बाकाखालून एक लाकडाचा ठोकळा काढून दाखवला. कागदावरच्या त्या रेघेवरून त्यांनी पिस्तुलाचा आकार कोरायला घेतला होता. "त्यांनी काम काढून न्हेलं. मी कुटं सोडलंय?" ते म्हणाले.

पुढचा महिना मी शेजारून बघत होते. लाकूड कोरून झाल्यावर त्यांनी त्यात शिशाचा तुकडा बसवला, वजन खऱ्याइतकं यावं म्हणून. पहिलं म्यान बकऱ्याच्या पातळ कातड्याचं केलं. ते खिशात कागदासारखं चुरगळलं आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर त्याचं तोंड मिटून गेलं. दुसरं म्हशीच्या जाड कातड्याचं. त्याने खिसाच एका बाजूला लोंबायला लागला. तात्यांनी दोन्ही रापीने उभी चिरली आणि टोपलीत टाकली. अबू माजिदांच्याच शिंप्याकडून त्यांनी त्याच कापडाचा दिशदाशा आपल्या मापाने शिवून घेतला होता. दुकानामागच्या अंगणात तो घालून, खिशात लाकूड ठेवून ते बसायचे, उठायचे, वाकून नमस्कार करायचे, खुर्चीवर गाडी चालवल्यासारखं बसायचे. आयुष्यभर शर्ट-पँटमध्ये पाहिलेला हा ठेंगणा माणूस त्या पांढऱ्या झग्यात दोन्ही हातांनी घोळ सावरत फिरायचा. मी खिडकीतून बघत असले की म्हणायचे, "हसा. पर मागनं काय दिसतंय ते सांगा."

"चौकोन दिसतोय," मी एकदा म्हटलं, "पाकिटासारखा."

"तेच पायजे हुतं."

ते तिसरं म्यान होतं, मिरजेहून आणलेल्या कातड्याचं केलेलं. कातडं भिजवून लाकडावर दाबून बसवलं, अंगठ्याने प्रत्येक वळण काढलं आणि सावलीत दोन दिवस वाळवलं. रुस्ताकच्या उन्हात ठेवलं तर त्याचा पापड होतो, ते म्हणायचे. आतली बाजू गुळगुळीत, मेण लावलेली, म्हणजे घाम लागला तरी लोखंडाला काही होऊ नये आणि पिस्तूल सरकन निघावं. बाहेरची बाजू मुद्दाम खरखरीत ठेवली, खिशाचं कापड धरून ठेवायला. मागच्या कडेला एक छोटा कान काढला. पिस्तूल ओढलं की तो कान खिशाच्या कडेला अडकायचा आणि म्यान आतच राहायचं. वरून एक सपाट चौकोनी तुकडा, आकार लपवायला. आणि चापावर दुहेरी कातडं, कडेने दोन रांगांची शिवण. शेवटी त्यांनी लाकडी पिस्तुलाला चापाच्या जागी एक बारीक भोक पाडलं. ते कशासाठी, ते मला तेव्हा समजलं नाही.

वीजा संपायला तीन आठवडे असताना अबू माजिद आले. मस्कतला एक माणूस सापडला आहे, तो हवं तसं करून देतो म्हणाला, हे सांगायला आले होते. तात्या म्हणाले, "अर्बाब, दस मिनट." आणि मला हाक मारली, "ताई, या. तुम्ही बगायला पायजे." मला जायचं नव्हतं, पण गेले.

तात्यांनी लाकडी पिस्तुलाच्या त्या भोकात आगपेटीची एक काडी खोचली, चापासारखी. ते लाकूड त्यांनी अर्बाबकडून मागून घेतलेल्या नायलॉनच्या होल्स्टरमध्ये घातलं आणि अबू माजिदांना म्हणाले, हे खिशात ठेवा. चाव्या रोज ठेवता तशाच त्याच खिशात टाका. गाडीत बसा, किल्ल्याला एक चक्कर मारून या.

अबू माजिदांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग गेले. परत आले, होल्स्टर काढलं. काडी शाबूत होती. त्यांनी ती तात्यांपुढे धरली आणि भुवया उंचावल्या.

"एक बार और," तात्या म्हणाले.

"मारूत."

"एक बार और, अर्बाब. रोज जाते ना आप? रोज का काम है."

ते पुन्हा गेले. या वेळी परत यायला उशीर लागला, वाटेत मुलाच्या दुकानातही उतरले होते. बाकावर त्यांनी खिसा रिकामा केला. चाव्यांचा जुडगा होल्स्टरच्या उघड्या बाजूत शिरून बसला होता. काडी मधोमध मोडली होती, गुलाचं टोक कापडाला चिकटलं होतं.

अबू माजिदांनी मोडक्या काडीचे दोन तुकडे तळहातावर घेतले. मग अरबीत काहीतरी पुटपुटले आणि माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "दक्तूरा, मेरी पोती गाडी से उतर के इधर पकड़ के चलती है." त्यांनी उजव्या बाजूच्या झग्याला हात लावला. त्यांची नात चार वर्षांची होती.

मी बघत होते की आता तात्या काय म्हणतात. एखादा माणूस म्हणाला असता, मी सांगत होतो. तात्यांनी नवी काडी खोचली, लाकूड आपल्या म्यानात घातलं आणि ते अर्बाबच्या हातात दिलं. "ये आठ दिन रखो. चाबी साथ में. फिर बोलो."

आठव्या दिवशी अबू माजिद आले तेव्हा काडी अख्खी होती. त्यांनी आमच्यासमोर तीन वेळा लाकूड खिशातून काढून दाखवलं. तिन्ही वेळा म्यान खिशातच राहिलं. मग नायलॉनचं घालून काढलं, तर ते लाकडाबरोबर बाहेर आलं आणि अबू माजिद हातात काळी पिशवी रोखून उभे राहिले. ते स्वतःच आधी हसले. वीजाचे कागद त्यांनी त्याच दिवशी मागवले. नायलॉनचं होल्स्टर तात्यांनी मागून घेतलं आणि आधीच्या दोन म्यानांसारखं उभं चिरलं. "कुणाच्या हाताला लागाय नको," म्हणाले.

त्यानंतर तात्या आणखी तीन वर्षं रुस्ताकला होते. शेवटच्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप आला. मी भिंग बदलून बघितलं, पण दोष डोळ्यांत नव्हता. एका दुपारी त्यांनी मला बोलावून खंजिराचा एक पट्टा दाखवला. "बगा, हितं टाका रेघेच्या भाईर गेलाय." मला दिसेना. त्यांनी नखाने दाखवला तेव्हा केसभर फरक दिसला. म्हटलं, कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, "मला कळलं न्हवं का." त्याच संध्याकाळी त्यांनी अर्बाबला वीजा रद्द करायला सांगितलं. अबू माजिदांनी खूप समजावलं, काम करू नको, नुसता दुकानात बस. तात्या म्हणाले, "बैठने को मिरज में भी जगह है." नाही म्हणजे नाहीच. अबू माजिद स्वतः गाडी चालवत त्यांना मस्कतच्या विमानतळावर सोडून आले.

आठ महिन्यांनी तात्या गेले. झोपेतच गेले, असं त्यांच्या पुतण्याने कळवलं. त्या सकाळी अबू माजिद माझ्या दुकानात येऊन तपासणीच्या खुर्चीत बसले. त्यांना शालनकाकूंशी बोलायचं होतं. काकूंना हिंदी येत नव्हतं, अबू माजिदांना मराठी येत नव्हतं. मी फोन लावून स्पीकरवर टाकला आणि तो दोघांच्यामध्ये, म्हणजे माझ्यात आणि त्यांच्यात, टेबलावर ठेवला.

आधी दोघांचंही बोलून झालं, जे अशा वेळी सगळेच बोलतात ते. मग अबू माजिद फोनकडे वाकले. "दक्तूरा, बोलो उसको," ते म्हणाले, "बाईस साल में मारूत एक ही आदमी था जो मेरे को मुँह पे 'नहीं' बोला."

मी काकूंना ते मराठीत सांगितलं. मला वाटलं, काकूंना वाईट वाटेल. मग त्यांचा आवाज आला, रडून बसलेला, पण स्वच्छ. "त्यांस्नी सांगा, तुम्हाला बावीस वर्सांत एकदा 'न्हाई' म्हणाले. मला तर रोज म्हणायचे."

मी ते हिंदीत सांगितलं. अबू माजिदांनी डोळ्यांवर हात धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते हसत आहेत की काय ते मला पटकन कळलं नाही. "पूछो," ते म्हणाले, "कौन सी बात पे?"

काकूंनी सांगितलं. मग अबू माजिदांनी त्यांचं एक सांगितलं. मग काकूंनी आणखी एक. बाहेर एक गिऱ्हाईक डोळे तपासायला येऊन थांबलं होतं. ती दोघं मारुतीतात्यांच्या तक्रारी एकमेकांना सांगत राहिली आणि मी मधे बसून भाषांतर करत राहिले.